वाहनस्थ यात्रेकरूचे पुण्य

तीर्थाला वाहनातून जाणाऱ्याच्या पदरी किती पुण्य पडते, हा प्रश्न धर्मशास्त्राने फार पूर्वीच विचारात घेतला असून, निबंधकारांनी, म्हणजे स्मृती-पुराणांतील वचने विषयवार गोळा करून त्यांची संगती लावणाऱ्या मध्ययुगीन ग्रंथकारांनी, त्याचे उत्तर चक्क जमाखर्चाच्या भाषेत नोंदवले आहे: वाहनाने निम्मे फळ जाते, छत्री-पादत्राणांनी त्याच्या निम्मे, आणि तीर्थावर दान घेतल्यास सगळेच.

उत्तराखंडातील आदिकैलास या पवित्र शिखराच्या वाटेवर या जुन्या हिशेबाला आज पुन्हा धार आली आहे. धारचुलाकडून लिपुलेख खिंडीच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याचे मे २०२० मध्ये उद्घाटन झाले आणि पुढे गुंजीहून कुटीमार्गे शिखराच्या पायथ्याशी असलेल्या जोलिंगकाँगपर्यंत गाड्या पोहोचू लागल्या. त्यामुळे जेथे जाण्यासाठी पूर्वी कित्येक दिवस चालावे लागे, ते स्थान इनर लाइन परवाना, म्हणजे सीमेलगतच्या भागात शिरण्याची सरकारी परवानगी, काढलेल्या यात्रेकरूला धारचुलाहून दुसऱ्या दिवशी दिसू शकते.

वाहनाचा दोष नेमका कशात आहे, हे पाहू लागले की जमाखर्च मागे पडतो. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य बैलावर बसून जाणाऱ्याला नरक सांगते, तेथे मुक्या जनावराच्या यातनेचा विचार उघड आहे. पण वैभवाच्या तोऱ्यात, लोभाने वा मोहाने वाहनात बसणाऱ्याची यात्रा ते निष्फळ ठरवते, तेथे रोख चाकांवर नसून बसणाऱ्याच्या मनावर आहे. नौकेला तर निबंधकार वाहन मानतच नाहीत, कारण नदी ओलांडायला दुसरा उपाय नसतो. तेव्हा खरा प्रश्न असा की फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पुरवणारी गाडी, ही नौका समजावी की पालखी? गुडघे निकामी झालेल्या वृद्धेच्या दृष्टीने ती नौकाच होय. कोऱ्या बर्फावर आपल्याच टायरांचा पहिला ठसा उमटावा म्हणून निघालेल्याच्या दृष्टीने ती पालखी, आणि तीही बरीच मिरवणारी. पायी यात्रेचे गोडवे गाणाऱ्यांनीही हे विसरू नये की जुन्या वाटेवर पुष्कळांचे ओझे घोडे आणि हमालच वाहत असत.

कष्ट टळले असे म्हणावे, तर तेही पूर्ण खरे नाही. धारचुला हजार मीटरच्या आत आहे आणि जोलिंगकाँग साडेचार हजारांच्या आसपास. चालणाऱ्याचे शरीर विरळ हवेला हळूहळू सरावते, गाडीतल्याला ती सवड मिळत नाही, आणि वाटेत वाचलेले श्रम डोकेदुखी, मळमळ व धाप यांच्या रूपाने वसूल होतात. मात्र याला तप म्हणता येणार नाही, कारण तप म्हणजे जाणूनबुजून पत्करलेला क्लेश. नियोजनातल्या घाईने ओढवलेले दुखणे त्यात बसत नाही.

सावलीतल्या वळणावर रात्रीचे पाणी काचेसारखे गोठलेले असते, तेव्हा चालक लो गिअर टाकतो, ब्रेकला पाय लावत नाही, आणि इंजिनाच्या ओढीवरच गाडी इंचाइंचाने उतरवतो. आत बसलेला यात्रेकरू त्या क्षणी सर्वस्वी परक्याच्या हातावर विसंबलेला असतो. स्वतःच्या गाडीने कुठेही जाता येते या गुर्मीचा एवढा स्पष्ट पराभव पायवाटेवरही क्वचितच होत असेल. पण याच चालकापाशी शास्त्राचा हिशेब अडतो. दुसऱ्यासाठी तीर्थाला जाणाऱ्यास फळाचा सोळावा भाग मिळतो, असे वचन आहे. हे वचन चालकाला लावले, तर हंगामभर त्याच वाटेने पुन्हापुन्हा जाणाऱ्या या माणसाचे पुण्य निम्म्या फळावर परतणाऱ्या त्याच्या कोणत्याही प्रवाशाहून अधिक भरते.