श्रद्धा आणि कृती

श्रद्धा आधी दृढ व्हावी आणि मग तिचे कृतीत रूपांतर व्हावे, असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र या गृहीताला छेद देते. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. मात्र आपणास ख्रिस्ती धर्म गवसला, ख्रिस्त नव्हे, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी झाली, असे त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते. म्हणजे कार्य हे परिपक्व श्रद्धेचे केवळ फळ नव्हते. कार्याच्या वाटेवरच ती श्रद्धा पक्व होत गेली.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. तत्पूर्वी, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी सदनातून मुली काढून घेतल्या होत्या. येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो: आश्रयदात्याची श्रद्धा आश्रिताच्या स्वातंत्र्याचा संकोच करते काय? रमाबाईंनी स्वतः चर्चच्या अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकण्यास नकार दिला होता. स्वतःसाठी मागितलेले तेच स्वातंत्र्य आश्रितांना किती लाभले, याच कसोटीवर श्रद्धाप्रेरित सेवेचे मोल ठरवावे लागेल. रमाबाईंची सेवाही या कसोटीला अपवाद नाही.