आधी बोट दाखवा

खाली बसा पोट्टेहो. फोन बाकावर उपडे ठेवा. विधानसभेचा निकाल लागल्यापासून तुमची भांडणं ऐकतो आहे, आता माझं ऐका.

साकोलीत काँग्रेसच्या नाना पटोलेंना 96,795 मतं पडली, भाजपच्या अविनाश ब्राह्मणकरांना 96,587. फरक 208. साकोली, लाखनी, लाखांदूर हे तिन्ही तालुके धरून 208! पाच वर्षांपूर्वी पटोलेंनीच ही जागा 6,240 मतांनी काढली होती. तुमच्यातले अर्धे म्हणतात मशीनमध्ये घोळ झाला, उरलेले गुलाल लावून नाचले. दोघांनाही एकच विचारतो, 20 नोव्हेंबर 2024 ला, मतदानाच्या दिवशी, होता कुठे? बोटाला शाई लागली होती का?

पुण्याहून यायला तिकीट नव्हतं म्हणे. दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या दाराशी उभं राहून आलात, तेव्हा होतं? कंपनीने सुटी दिली नाही म्हणता. मागितली होती? मतदानाच्या दिवशीची पगारी सुटी कायद्याने मिळालेला हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. मित्राच्या लग्नासाठी मात्र सगळ्यांना बरोबर सुटी मिळाली.

208 तरी खूप झाले, राजस्थानात 2008 साली नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने पडले. 62,216 आणि 62,215. निवडणुकीच्या वेळी पटोले होते तसे तेही काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षच होते.

मशीनवर शंका घ्यायला माझी ना नाही. शंका घ्यायला मीच शिकवलं तुम्हाला. पण शंका घेणाऱ्याने पहाटे उठायचं असतं. मतदानाच्या दीड तास आधी, साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींदेखत किमान 50 मतं टाकून मशीन तपासतात, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात, मग ती मतं पुसतात. संध्याकाळी केंद्राध्यक्ष मशीन बंद करतो, एकूण मतांचा आकडा 17सी नमुन्यात लिहितो आणि सही करून प्रत प्रतिनिधींच्या हातात देतो. मोजणीला जाळीमागे बसून तोच आकडा मशीनच्या आकड्याशी ताडून बघायचा असतो. या कामाला गावात दोन्ही बाजूंना पोरं मिळत नव्हती. ‘थंडीत साडेपाचला कोण उठणार’ असं म्हणणारा याच बाकावर बसला आहे, आणि तोच आता दिवसभर मतचोरीचे व्हिडिओ पुढे ढकलतो. 17सी हे नाव तरी ऐकलं होतंस का रे? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

काहींचं तर यादीत नावच नाही. अठरा पूर्ण झाली का ते धरायला वर्षातून चार तारखा दिल्या आहेत सरकारने, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. अठरा पूर्ण होऊन त्यातल्या कितीतरी उलटल्या तुमच्या, तरी नावनोंदणीचा नमुना 6 भरायला सवड झाली नाही. रविवारी कागदपत्रं घेऊन बीएलओकडे जायचं आणि पोचपावती मला आणून दाखवायची. हॉस्टेलवाल्यांनी गाव की पुणे ते एकदाच ठरवा, नाव दोन्हीकडे चालत नाही.

आणि तू, साडेपाचवाल्या. आपल्या गावातल्या प्रतिनिधीकडून 17सीची प्रत माग, निकालाच्या केंद्रनिहाय आकड्यांशी जुळवून बघ. जुळली नाही तर तुझ्यासोबत मी स्वतः येतो. निवडणूक याचिकेला निकालापासून 45 दिवस असतात, आणि ती उमेदवाराला किंवा इथल्या मतदारालाच करता येते. यादीत नाव आहे ना तुझं?