ओल आणि गायतोंडे

आमच्या वाशीमच्या घरात बैठकीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. मृगाची पहिली सर कोसळली की तळहाताएवढा डाग उमटतो आणि पोळ्यापर्यंत त्याची चांगली परात होते. गवंडी झाले, डांबर झालं, कुणी सांगितलेली कसलीशी पावडर झाली. शेवटी आमच्या हिनं निकाल दिला, "त्याच्यावर काहीतरी टांगा." त्याच सुमारास मुंबईच्या पुतण्यानं एक फ्रेम भेट दिली. आत जुन्या कॅलेंडरचं पान, पण काच आणि पट्टी झकास. माप बरोबर डागाएवढं. अशा रीतीनं चित्रकार वासुदेव गायतोंडे आमच्या घरी राहायला आले.

चित्र म्हणजे वरपासून खालपर्यंत पिवळं. पण एक पिवळा नव्हे. कुठे हळदीचा, कुठे काढणीला आलेल्या सोयाबीनचा, कुठे गढूळ पाण्यातून दिसणाऱ्या उन्हाचा. मधे काही काळपट खुणा, अक्षरांसारख्या. वाचायला जावं तर लिपी कुठलीच नाही.

पहिल्याच आठवड्यात शेजारचे वकीलसाहेब आले. चहाचा कप हातात धरून त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, हे काय आहे?"

'ओल आहे' हे खरं उत्तर होतं. पण तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस उत्तर येत नाही असं कबूल करत नाही. मी चष्मा पुसत म्हणालो, "अमूर्त कला."

"आमचा बंड्या याच्याहून बरं काढतो," वकीलसाहेब म्हणाले आणि बिस्किटाकडे वळले.

आता अब्रूचा प्रश्न आला. मी पुस्तकं मिळवून वाचायला लागलो. गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, पण जन्म १९२४चा, नागपूरचा. वैदर्भीय अभिमानाला एवढं पुरतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, पुढे दिल्लीत एका खोलीत राहून काम केलं. रंग रोलरनं लावायचा, सुरीनं खरवडायचा, पुन्हा लावायचा. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं झाली तरी खूप. आणि 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला मान्यच नव्हता, हे वाचून मी वकीलसाहेबांसमोर तो किती रुबाबात फेकला होता ते आठवलं. पुस्तकातली सगळ्यात उपयोगी ओळ मात्र निराळीच होती. २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींहून जास्त किमतीला गेलं.

ही ओळ मी पुढच्याच चहाला वापरली. वकीलसाहेब उठले, चित्राजवळ गेले, आणि ज्या चित्राला त्यांनी आजवर दोन सेकंदं दिली नव्हती त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. "तशी गंमत आहे हं यात," ते म्हणाले. मी जिंकलो होतो. पण त्या रात्री मला काही नीट झोप लागली नाही. त्यांनी चित्र पाहिलं की कोटी पाहिले? आणि मी तरी काय पाहत होतो? मी तर डाग झाकला होता आणि वर कलारसिक म्हणून मिरवत होतो. न कळणाऱ्याला नावं ठेवणं हे सोंग, तसंच न कळता माना डोलावणं हेही सोंगच. त्यातल्या त्यात बंड्याचं नाव घेणारे वकीलसाहेब जास्त प्रामाणिक होते.

पुढे मुंबईला जाण्याचा योग आला, तेव्हा एकदा खरं चित्र तरी बघावं म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. आमच्या लहानपणी म्युझियम म्हणजे नागपूरचा अजब बंगला. तिथे पेंढा भरलेला वाघ बघायचा आणि बाहेर येऊन संत्री खायची. इथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. मी हात पाठीमागे बांधून हिंडू लागलो. चित्रासमोर किती वेळ उभं राहिलं की सभ्य दिसतं हे ठाऊक नसल्यामुळे मनात पन्नास आकडे मोजायचे आणि पुढे सरकायचं, असा हिशेब ठेवला. एका चित्राला मी शंभर दिले, कारण शेजारी एक परदेशी पाहुणा उभा होता.

गायतोंड्यांच्या चित्रापर्यंत येता येता माझे पाय भरून आले होते. समोर बाक दिसला, बसलो. खरं सांगतो, पाय दुखत होते म्हणून बसलो. बसल्यावर समोर दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. कॅलेंडरात जो रंग सपाट होता, तो इथे एकाखाली एक किती थरांचा होता! खालचा रंग वरच्यातून हळूहळू वर येत होता. आकडे मोजायचे मी केव्हा थांबलो ते कळलंच नाही. रखवालदारानं खाकरल्यावर भानावर आलो.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ज्याची सुरुवात डाग झाकण्यात झाली, मग शेजाऱ्यावर छाप पाडण्यात, मग दुखऱ्या पायात, ती आवड खरी म्हणायची की खोटी? वकीलसाहेबांचं मत कायदेशीर आहे. मूळ व्यवहार खोटा, तर पुढचं सगळं रद्द. मला ते पटत नाही. लहानपणी इथल्या बालाजीच्या देवळात आई माझी मान धरून खाली वाकवायची. तो नमस्कार माझा नव्हता, आईच्या हाताचा होता. आज मी आपण होऊन वाकतो. तो पहिला नमस्कार खोटा होता म्हणून आजचाही खोटा?

आणि आपल्या गावाचंच घ्या. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवलं. ते रंगांच्या आनंदासाठी करवलं असेल असं मला वाटत नाही. पुण्य हवं असणार, थोडा मानही हवा असणार. पण एखाद्या दुपारी तोही दमून तिथल्या ओसरीत टेकला असेल, आणि चित्रकार भिंतीवर रंग चढवत असताना नुसता बघत राहिला असेल, अशी मला आपली शंका आहे. वकीलसाहेब म्हणतात, याला पुरावा नाही. नसेल.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि आश्चर्य म्हणजे पावसाळा आला तरी डाग आला नाही. दिवाळीआधी घर रंगवलं. काम झाल्यावर पेंटर फ्रेम हातात घेऊन उभा राहिला.

"सर, भीत तं कोरडी ठणक झाली जी. आता हे कायले टांगता?"

याला काय सांगावं ते मला सुचेना. अमूर्त म्हणायची सोय नव्हती, आणि कोटीचा आकडा सांगायची लाज वाटली.

"तिथंच ठोका," मी म्हणालो.

तो खिळा धरून स्टुलावर चढला, तोच आतून आमच्या हिचा आवाज आला. गेल्या पाच वर्षांत त्या चित्राबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती.

"अहो, त्यांना म्हणावं चार बोटं खाली घ्या. भाजी निवडायला बसलं की वरचा भाग दिसत नाही."