कुंडीतलं झाड तुमच्या हातचंच खातं

वसतिगृहाच्या गच्चीवरून आत्ताच येतोय. माना खाली घालू नका, इकडे बघा. आठ इंची कुंडीत टोमॅटो? टोमॅटोला, वांग्याला निदान वीस लिटरची बादली लागते आणि दुधीला पन्नास लिटरचा ड्रम. ड्रम आणलात, पण तळाला एक भोक पाडायचे कष्ट घेतले नाहीत. पाणी साचलं, मुळं कुजली. आणि मला सांगता, ‘सर, वेलाला रोग पडला’!

भरलंत काय, तर आवारातली नुसती काळी माती. ती आता विटेसारखी आवळली आहे. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर दोन मुठी निंबोळी पेंड, हे फळ्यावर लिहून दिलं होतं. वह्या मिरवायला आणता का?

दीड महिना रोपं उपाशी ठेवलीत. खालची पानं पिवळी पडल्यावर घाबरून मूठभर युरिया ओतलात, तोही कोरड्या मातीत. निम्मी रोपं करपली. उरलेल्यांपैकी बहुतेक पाल्यानं माजलीत, फुलाचा पत्ता नाही. नत्राचा अतिरेक झाला की हेच होणार. शेतातलं झाड मुळं लांबवर पसरून अन्न शोधतं. कुंडीतल्याला तुम्ही द्याल तेवढंच, आणि त्यातलंही पाण्याबरोबर तळातून वाहून जातं. म्हणून थोडं थोडं, पण नेमानं द्यायचं. दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, मध्ये पातळ शेणपाणी. कळ्या दिसल्या की नत्र कमी आणि पालाश जास्त. खत घालण्याआधी माती ओली हवीच.

टोमॅटोची बुडं काळी पडली म्हणून बुरशीनाशक फवारणारा कोण? ती बुरशी नाहीच. दोन दिवस कोरड आणि तिसऱ्या दिवशी पूर, असं पाणी दिलं की फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. रोज बेतानं पाणी द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

परीक्षा होती, सुट्टी होती, ही कारणं मला नकोत. उद्या तुम्ही शेतकऱ्याच्या बांधावर सल्ला द्यायला जाणार. ज्याला एक बादली सांभाळता येत नाही, त्याच्या भरवशावर शेतकऱ्यानं वर्षाचं पीक का सोडावं? सकाळी सात वाजता सगळे गच्चीवर हजर राहा. दुधी पुन्हा लावायचा आहे, आणि या वेळी तो काढणीपर्यंत नेल्याशिवाय मी कोणालाही सोडणार नाही.