बाकावरची मिनिटं

जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही 2-1 असा जिंकलो, त्या संध्याकाळी एका मुलाची आई मैदानाच्या फाटकापाशी थांबली होती. तिचा मुलगा आमच्या 18 जणांच्या संघात होता, पण स्पर्धाभर एकदाही मैदानात उतरला नव्हता. ‘का नाही खेळवलंत?’ असं तिनं विचारलं नाही. म्हणाली, “सर, उद्या त्याला पाचला उठवू ना?”

मी “उठवा” म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.

शाळकरी मुलांना हॉकी शिकवताना या प्रश्नाचं एक ठरीव उत्तर माझ्याकडे असायचं: मैदानावर 11 जणच मावतात. हॉकीत हे उत्तर टिकत नाही, हे कळायला मला उशीर लागला. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांत बदली खेळाडू किती, हे ठरलेलं असतं. क्रिकेटचा बारावा गडी क्षेत्ररक्षण करील, फलंदाजी नाही. तिथं प्रशिक्षकाला नियमाच्या आड उभं राहता येतं. हॉकीत पेनल्टी कॉर्नरची वेळ सोडली, तर कुणालाही कितीही वेळा आत-बाहेर करता येतं. बाहेर आलेला पुन्हा आत जातो. म्हणजे त्या मुलाला नियमानं बसवलं नव्हतं. दर मिनिटाला मी नव्यानं बसवत होतो.

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते चांगली बासरी जो चांगली वाजवतो त्याला द्यावी. श्रीमंताला किंवा कुलवंताला नव्हे. ऐकायला हे चोख वाटतं. पण चौदा वर्षांच्या मुलाचं कसब आधी तयार होऊन मग त्याला सामना मिळतो, असं नसतं. सामन्यातल्या मिनिटांनीच ते तयार होतं. ती मिनिटं बक्षीसही असतात आणि अन्नही, आणि अन्न बक्षिसासारखं वाटलं की धष्टपुष्ट आणखी धष्टपुष्ट होतो. कॅनडातल्या आइस हॉकीत 1980च्या दशकात अभ्यासकांना दिसलं की वरच्या दर्जाच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा मोठा आहे. वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात. जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं थोर असतो, म्हणून निवडला जातो, म्हणून जास्त खेळतो, म्हणून खरोखरच सरस होतो. मी आमचं हजेरीपत्रक काढून पाहिलं. त्या मुलाचा जन्म नोव्हेंबरचा. एकावरून काही सिद्ध होत नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही, हे खरं.

त्याहून मला बोचली ती सरावाची गोष्ट. आमच्या बचावफळीवर रोज चेंडू घेऊन धावून जाणारा तोच होता. अंतिम सामन्यात तिनं जे हल्ले परतवले, ते त्याच्यावर हात बसवून. त्याची पहाट आम्ही वापरली होती.

दुसरी बाजू हलकी नाही. आमच्या सर्वोत्तम आघाडीवीराचे वडील रिक्षा चालवतात. त्यांच्या घरी हॉकी म्हणजे रेल्वेतली किंवा सैन्यातली खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. निवड समितीची नजर पडायची तर संघ पुढच्या फेरीत जायला हवा. त्यांना ‘शाळेत खेळ आनंदासाठी असतो’ हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पुढच्या जूनमध्ये मी सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं: साखळी सामन्यांत प्रत्येक मुलगा एक पूर्ण सत्र खेळेल, बाद फेरीत मी ठरवीन तसं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आत्ताच सांगावं. कुणी काही बोललं नाही. जूनमध्ये कुणी बोलत नाही.

साखळीतला तिसरा सामना आम्ही हरलो. बरोबरी असताना दुसऱ्या सत्रात याच मुलाच्या स्टिकखालून चेंडू निसटला आणि गोल झाला. जाळीपलीकडून आघाडीवीराचे वडील ओरडले, “सर, बदला त्याला! त्याच्यापायी माझ्या पोरानं का हरायचं?” प्रश्न रास्त होता. मुलगा मान वळवून बाकाकडे बघत राहिला, मी बोलावतो की काय म्हणून. त्याच्या सत्राची अजून सहा मिनिटं उरली होती. मी हात खिशातच ठेवले.