वहीबाहेरचा वाचक

शाळेतला मराठी निबंध आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली विसंगती आता कुणाला खुपत नाही. 'मी पाहिलेला अपघात' लिहिणाऱ्या बहुतेक मुलांनी अपघात पाहिलेला नसतो. 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटले की काळे ढग दाटून येतात, मातीचा सुगंध दरवळतो, मोर पिसारा फुलवतो. ज्याच्या घरात त्याच पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरले तो मुलगाही वहीत मोरच नाचवतो. मधल्या सुट्टीत तो मित्राला काय सांगतो ते ऐकावे. धान्याचे डबे माळ्यावर कुणी चढवले, आजीला कुठे बसवले, कोंबड्या कशा वाचवल्या. मित्र मध्येच विचारतो, "म्हणजे पाणी मागच्या दाराने आले?" आणि सांगणारा थोडा मागे जाऊन पुन्हा नीट सांगतो. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचे आहे, एवढ्यावर ते सारे सांगणे उभे असते.

निबंधाच्या वाचकाला काहीच कळून घ्यायचे नसते. बाई किंवा सर वही उघडतात ती सुरुवात-मध्य-शेवट आहे का, एखादी म्हण पेरली आहे का, ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे का हे बघायला. साठ वह्या पुढ्यात असलेल्या माणसाने दुसरे करावे तरी काय? पण मुलाला ते पक्के समजलेले असते. आपल्या घरातले पाणी इथे कुणाला नको आहे हे ओळखून तो गाइडमधला मोर उतरवून काढतो आणि दहापैकी सात गुण घेतो.

नव्या पिढीला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक पिढी करते. वाचन कमी झाले, मोबाइल आला, माध्यम बदलले, ही कारणे सांगितली जातात आणि त्यांत तथ्य आहेच. मला मात्र सर्वांत मोठे कारण याहून साधे वाटते. मुलाच्या लिहिण्याला शाळेत खरा वाचक नसतो. तो मिळवून दिला, तर लेखनकौशल्य म्हणून आपण जे वेगवेगळे शिकवू पाहतो त्यातले पुष्कळसे मूल गरजेपोटी स्वतःच शिकते. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेडेगावात एका प्राथमिक शिक्षकाने हे करून दाखवले होते.

सेलेस्तँ फ्रेने त्याचे नाव. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याच्या फुप्फुसाला जबर इजा झाली. १९२० मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या डोंगराळ भागात, बार-स्युर-लू या गावी शिक्षक म्हणून रुजू झाला. दम लागायचा, त्यामुळे वर्गापुढे उभे राहून तास-तास बोलणे त्याच्याने होईना. तो मुलांना घेऊन बाहेर पडू लागला. शेतात, ओढ्याकाठी, गावातल्या कारागिरांकडे. बाहेर मुले भरभरून बोलत. वर्गात परत येऊन पाठ्यपुस्तक उघडले की तीच मुले मुकी होत. एकदा मुलांनी गोगलगायी आणून त्यांची शर्यत लावली. फ्रेनेने धडा बाजूला ठेवला आणि त्या शर्यतीचे वर्णन मुलांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले. वर्ग ते मन लावून वाचू लागला. पण फळा पुसला की सगळे संपायचे. १९२४ मध्ये त्याने एक लहानसे हातछपाईचे यंत्र विकत घेतले आणि ते वर्गात आणून ठेवले.

पुढची रीत तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण जे काही घडले ते त्या तपशिलात आहे. मुले हवे त्या विषयावर हवे तेव्हा लिहीत. लिहिलेले वर्गात वाचून दाखवले जाई आणि कोणता मजकूर छापायचा हे मुले मतदानाने ठरवत. निवडलेला मजकूर फळ्यावर येई आणि सगळा वर्ग लेखकाला सोबत घेऊन त्यावर काम करी. इथे तुला नेमके काय म्हणायचे आहे? हे आधी घडले की नंतर? मग मुले एकेक खिळा उचलून ओळी जुळवत. ज्याने 'शर्यत' हा शब्द उलट्या अक्षरांच्या खिळ्यांनी स्वतः जुळवला, त्याला त्या शब्दाचे शुद्धलेखन वेगळे घोकावे लागत नाही. छापलेली पाने प्रत्येकाच्या संग्रहात जात आणि काही पाने टपालाने दूर जात.

या टपालाचे महत्त्व मला यंत्राहूनही अधिक वाटते. फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या त्रेगँक गावात रेने दानिएल नावाचा शिक्षक होता. दोन्ही वर्ग आपापली छापील पाने एकमेकांना पाठवू लागले. डोंगरातल्या मुलांचे जग ऑलिव्हचे आणि संत्र्यांच्या फुलांचे. किनाऱ्यावरच्या मुलांचे होड्यांचे आणि भरती-ओहोटीचे. आपल्या गावात 'आज फुले वेचली' एवढे म्हटले की भागते. त्रेगँकच्या मुलाला मात्र कुठली फुले, कशासाठी वेचली, कोण वेचतो, पुढे त्यांचे काय होते हे सगळे सांगावे लागते. तपशील, क्रम, स्पष्टता हे गुण व्याकरणाच्या तासाला शिकवून अंगी बाणत नाहीत. अनोळखी वाचक समोर आला की ते टाळताच येत नाहीत.

फ्रेनेच्या पद्धतीचा धागा पुढे इटलीत गेला. पो नदीच्या मैदानातल्या पियादेनाजवळच्या शाळेत मारिओ लोदी हा शिक्षक त्याच वाटेने मुलांकडून वर्गाचे वर्तमानपत्र काढवून घेई. १९६३ मध्ये तो बार्बियानाला गेला. तस्कनीच्या डोंगरातली ही एवढीशी वस्ती. १९५४ मध्ये चर्चने लोरेंझो मिलानी या धर्मगुरूला तिथे धाडले होते आणि त्याने शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेत नापास झालेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली होती. लोदीच्या भेटीतून दोन्ही शाळांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्या पत्रांसाठी बार्बियानाच्या मुलांना सामूहिक लेखनाची रीत बसवावी लागली. प्रत्येकाने सुचेल ते टिपून ठेवायचे. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मग साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, जुळणाऱ्या एकत्र ठेवायच्या, दोनदा आलेल्या काढून टाकायच्या. त्या ढिगांतून प्रकरणे ठरायची. त्यानंतर सर्वांत कठीण काम. अनावश्यक शब्द काढणे, लांबलेली वाक्ये तोडणे, एका वाक्यात दोन गोष्टी कोंबल्या असतील तर त्या सोडवणे. शेवटी बाहेरच्या माणसाला, शक्यतो फार न शिकलेल्याला, ते वाचायला द्यायचे आणि आपल्याला म्हणायचे होते तेच त्याला समजले का हे तपासायचे. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून कुणी बदल सुचवला तर मुले तो घेत. जरा सांभाळून लिहा म्हणून सुचवला तर नाकारत.

याच रीतीने आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. गरिबांची मुले शाळेतून गळतात कशी, याचा आकडेवारीसकट मांडलेला हिशेब. १९६७ च्या मे महिन्यात ते प्रसिद्ध झाले, जूनमध्ये मिलानी वारला. जगभर पुस्तकाची भाषांतरे झाली. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले. ज्यांना लिहिता येत नाही असा शिक्का शाळेने मारला होता, त्यांनीच हे पुस्तक लिहिले आहे. नापास होण्याच्या आणि हे पुस्तक लिहिण्याच्या मधल्या काळात त्यांची बुद्धी बदलली नव्हती. त्यांना सांगण्याजोगे काही आहे असे मानणारा शिक्षक त्यांना मिळाला होता आणि ज्याला ते पटवायचे आहे असा वाचकही.

खऱ्या वाचकाबरोबर धोकाही येतो आणि त्याकडे डोळेझाक करणे मुलांवर अन्याय होईल. पुढे सँ-पोल गावी बदली झाल्यावर फ्रेनेच्या वर्गातल्या एका मुलाने आपल्याला पडलेले स्वप्न लिहिले. त्यात गावच्या मेयरचा खून होता. १९३२ च्या अखेरीस फ्रेनेच्या विरोधकांनी तो मजकूर भित्तिपत्रकांवर छापून गावात लावला. मोठे वादळ उठले आणि शेवटी फ्रेनेला सरकारी शाळा सोडावी लागली. वाँस इथे त्याने स्वतःची शाळा उभी केली. लहान मुलाचे स्वप्न मोठ्यांच्या भांडणात हत्यार होऊ शकते. आज तर छापखानाही लागत नाही. मुलाची वही एका फोटोसरशी गावभर फिरते. म्हणून कोणते लिहिणे वर्गाबाहेर जाईल आणि कोणते वहीतच राहील, हे ठरवण्याचा हक्क आधी लिहिणाऱ्या मुलाचा हवा. हजारो वाचक हे ध्येयच नव्हे. फ्रेनेच्या मुलांना एका वर्गाएवढा वाचक पुरला. उलट, गर्दीची टाळी मिळू लागली की मूल पुन्हा मोर नाचवू लागेल, या वेळी बाईंसाठी नव्हे तर टाळीसाठी. वाचकाने 'छान' म्हणून उपयोग नाही. त्याने प्रश्न विचारायला हवा.

ही वाट आपल्याला परकी नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मधून दोन हप्त्यांत छापून आला. शाळकरी मुलीने लिहिलेला निबंध, आणि त्याचा वाचक अख्खा समाज. आमचा धर्म कोणता, असे ती त्यात थेट विचारते. कुणाला तरी जाब विचारायचा आहे म्हणून तिची वाक्ये ताठ उभी राहतात. फ्रेने बार-स्युर-लूमध्ये खिळे जुळवत होता त्याच सुमारास, १९२४ मध्ये, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात रुजू झाले आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढू लागले. त्यातला बराच मजकूर गुरुजी स्वतः लिहीत. आपला शिक्षक आपल्यासाठी लिहितो आहे हे मुलांना दिसणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वतः कधी न लिहिणाऱ्या शिक्षकाकडून लिहिणे शिकणे अवघड जाते.

या परंपरेचे पुढे काय झाले? बऱ्याच शाळांतून हस्तलिखित आजही निघते, पण स्नेहसंमेलनापुरते. सुंदर अक्षराची चार मुले बसून मजकूर उतरवतात, पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होते आणि मग ते कपाटात जाते. भित्तिपत्रकावर पहिल्या दिवशी हार चढतो आणि तोच मजकूर कित्येक महिने तिथे राहतो. लिहून झालेले वाचले जावे, वाचून कुणी उत्तर द्यावे, ही साखळीच तुटलेली आहे.

ती जोडायला परिपत्रक लागत नाही. मालवणजवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा सहावीचा वर्ग आणि बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेचा सहावीचा वर्ग, एवढी जोडी पुरे. बीडकडच्या कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, काही मागे राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' का म्हणतात, मुकादमाची उचल म्हणजे काय, कोपी कशी बांधतात, वाढे विकून किती पैसे सुटतात, हे ती मुले जन्मापासून जाणतात आणि निबंधाच्या वहीत त्यातला एक शब्दही येत नाही. मालवणच्या मुलाला हे काहीच ठाऊक नाही. त्याला रापण ठाऊक आहे. दोर कुणी धरायचा, जाळे किनाऱ्याला लागले की मासळीचे वाटे कसे पडतात, हे तो डोळे मिटून सांगेल. बीडच्या मुलाने समुद्र पाहिलेलाही नसेल. दोघांनाही सांगण्याजोगे भरपूर आहे आणि दोघांनाही एकमेकांचे ऐकायला हवे आहे. घरची बोली अशा पत्रात खोडावी लागत नाही. ती पलीकडच्याला समजेल अशी उलगडून सांगावी लागते, आणि प्रमाण भाषेची गरज मुलाला त्यातूनच पटते.

वेळ कुठून आणायचा, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. आठवड्यातला निबंधलेखनाचा एक तास तरी या कामाला द्यावा. पहिले पत्र सगळ्या वर्गाने मिळून, बार्बियानाच्या चिठ्ठ्यांसारखे, तीन-चार तासांत लिहावे. शुद्धलेखनाची लाल शाई पत्र पाकिटात घालण्याआधी वापरावी. दुसऱ्या शाळेत आपली चूक जाऊ नये असे तेव्हा मुलांनाच वाटत असते. गुण द्यायचेच असतील तर पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत काय सुधारले याला द्यावेत. पुढचे विषय शिक्षकाला शोधावे लागणार नाहीत. "रापण ओढताना पाण्यात किती आत जावे लागते? मासे आलेच नाहीत तर त्या दिवशी काय करता?" असे बीडहून विचारले गेले की मालवणच्या वर्गाला पुढच्या तासाचे काम मिळते, आणि उत्तर वर्गात कुणालाच नीट माहीत नसेल, तर ते विचारायला मुलांना किनाऱ्यावर रापणकरांकडे जावे लागते.