उत्तर माहीत असताना

उस्मानपुऱ्यातल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी पांढरा उंदीर धरायला शिकले. मानेपाशी दोन बोटं, तळव्यावर पाठ, आणि तळव्याला जाणवणारी त्याच्या छातीची धडधड. शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीवर घ्यायचा. ग्लायबेनक्लेमाइड दिलं की साखरेचा आकडा उतरू लागे. हे औषध स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची पोटॅशियमची दारं मिटतं. मग कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीत साठलेलं इन्सुलिन रक्तात येतं. हे सगळं पुस्तकात आधीच छापलेलं होतं. उंदराने आम्हाला नवीन काहीच सांगितलं नाही.

१९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक भाग नसांपासून तोडला आणि त्यात आम्ल सोडलं. स्वादुपिंडाला निरोप नसांवाटेच जातो, असं तेव्हा पाव्हलोव्हसारखे दिग्गज मानत. तरीही स्वादुरस ठिबकू लागला. मग आतड्याचं अस्तर खरवडून, वाळू आणि आम्ल घालून खललं, गाळून शिरेत टोचलं. रस पुन्हा वाहू लागला. निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला सिक्रेटिन म्हटलं गेलं आणि १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला.

त्याच कॉलेजात १९०३ च्या फेब्रुवारीत बेलिसने एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांना लाळग्रंथीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यावरून खटला झाला, त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, दंगे झाले. कायद्याने बेलिस जिंकला. मला मात्र या दोन कुत्र्यांत मोठं अंतर दिसतं. पहिल्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याला विचारलेल्याचं विचारणाऱ्याला ठाऊक होतं.

माझी आई रोज नाश्त्याआधी शुगरची गोळी घेते. त्या गोळीमागे कितीतरी मुक्या जिवांचं देणं आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच ते उगाच वाढवू नये, असं वाटतं. पदवीचे असे बरेच प्रयोग आता संगणकावर दाखवता येतात, हे फार चांगलं झालं.

आता मी शिकवते. परवा एक विद्यार्थिनी जांभळाच्या बियांच्या अर्काचा प्रस्ताव घेऊन आली. उंदरांचे सहा गट आखले होते. मी विचारलं, "हे आधी किती जणांनी पाहिलंय?" ती गप्प झाली. "आधी ते वाच," मी म्हटलं, "आणि जे कुणालाच माहीत नाही, तेवढंच उंदराला विचारायला ये."